ओगाताबाई मंत्री कधी होत्या?

जपानी शिकून पुढे जपानच्या राजकारणावर किंवा परराष्ट्र धोरणावर एम.ए., पीएच.डी. करायला निघालेल्या मुली अधूनमधून मला गाठतात. २०२५ च्या ऑक्टोबरात ताकाइची सानाए पंतप्रधान झाल्यापासून तर फोन वाढलेत. जपानी भाषेच्या परीक्षेतलं बहुतेकींचं एन-३ झालेलं असतं, त्यापुढची पातळी एन-२ दोनदा हुकलेली असते आणि विषय असतो ‘जपानी राजकारणातील स्त्रिया’. एवढ्या विषयात तीन जणींच्या शिष्यवृत्त्या संपतील. मीही हाच विषय घेऊन टोकियोला उतरले होते, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही.

मोनबुशोचा, म्हणजे जपान सरकारच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा, प्राध्यापकांकडून नाइदाकु, म्हणजे ‘घेतो तुम्हाला’ असं पत्र कसं मिळवायचं, केन्क्यूसेई, म्हणजे पदवीला प्रवेश मिळण्याआधीची संशोधक विद्यार्थिनी म्हणून पहिले महिने कसे काढायचे हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एका शब्दाबद्दल. त्या शब्दाने माझे सात महिने खाल्ले.

सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी, माझा विषय छाटून छाटून एका बाईंवर आणून ठेवला: सादाको ओगाता. जन्म १९२७ चा, टोकियोतला. फेब्रुवारी १९९१ ते डिसेंबर २००० संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या स्त्री, पहिल्या जपानी, आणि आयुष्य विद्यापीठात काढून तिथे पोचलेल्याही पहिल्याच. पुढे २००३ ते २०१२ जायकाच्या, म्हणजे परदेशांना मदत आणि कर्ज देणाऱ्या जपानच्या सरकारी संस्थेच्या प्रमुख. हो, तेच जायका. पुण्यात हा शब्द काढला की लोकांना मुळा-मुठेचे मैलाशुद्धीकरण प्रकल्प आठवतात आणि मुंबईत मेट्रो-३ चं कर्ज. ते दोन्ही करार ओगाताबाईंनी जायका सोडल्यानंतरचे. पण सवलतीच्या कर्जांचं काम जायकाकडे आलं ते २००८ मध्ये, त्यांच्याच काळात. १९९७ साली त्यांना मॅगसेसे मिळाला, त्याच वर्षी महाश्वेता देवींनाही मिळाला होता. २२ ऑक्टोबर २०१९ ला त्या वारल्या, ९२ व्या वर्षी.

आता खड्डा.

एका छोट्या इंग्रजी परिचयात ओळ होती: १९७६ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या जपानच्या स्थायी मिशनवर ‘मिनिस्टर’ म्हणून नेमणूक. मी ती वाचली आणि वहीत टिपलं: १९७६, मंत्री. संपलं. मिनिस्टर म्हणजे मंत्री, यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? लहानपणापासून ‘चीफ मिनिस्टर’ ऐकत आलेय मी.

त्या एका टिपणावर मी प्रबंधाचा आराखडा उभा केला. प्राध्यापिका, मग मंत्री, मग उच्चायुक्त. राजकारणातून राजनयाकडे गेलेली जपानी स्त्री! शीर्षकसुद्धा तसंच दिलं. पुढे मिकी ताकेओंच्या मंत्रिमंडळाची यादी काढली, कारण १९७६ चा बहुतेक काळ पंतप्रधान तेच होते. यादीत ओगाता नाहीत. इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी काय केलं? यादी अपुरी असेल असं ठरवलं. वर समर्थनही शोधलं: त्याच मंत्रिमंडळात नागाई मिचिओ हे संसदेचे सदस्य नसलेले विद्वान शिक्षणमंत्री होते, आणि जपानच्या राज्यघटनेच्या ६८ व्या कलमानुसार निम्म्याहून जास्त मंत्री संसदसदस्य असले की पुरतं. म्हणजे बाहेरचा विद्वान मंत्री होऊ शकतो. मग ओगाताबाई का नाही? तर्क इतका सुंदर जमला होता की मी स्वतःवरच खूश होते. कलम खरं, नागाई खरे, फक्त मूळ गोष्ट खोटी.

ज़ेमीत, म्हणजे सेन्सेई आणि त्यांचे विद्यार्थी बसतात त्या चर्चावर्गात, मांडणी करायची वेळ आली. जपानीत पहिलीच मोठी मांडणी, घसा कोरडा. पडद्यावर मी १९७६ च्या पुढे लिहिलं होतं ‘दाइजिन’, म्हणजे मंत्री. सेन्सेईंनी दातांतून हवा आत ओढली, ‘सा…’ असा लांब आवाज केला, मान जराशी वाकडी केली आणि म्हणाले, ‘नारुहोदो.’ म्हणजे ‘असं होय’. मला वाटलं, आवडलं त्यांना. बाकीच्यांनी वहीत डोकं घातलं. कोणी एक अक्षर बोललं नाही.

नीट ऐका: जपानी प्राध्यापकाचं नुसतं ‘नारुहोदो’ ही दाद नव्हे. त्यामागून प्रश्न आला नाही, तर घाबरा. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन महिने मी तोच आराखडा घेऊन फिरले आणि सेन्सेईंनी तो एकदाही मोडला नाही. चूक मला स्वतःला सापडावी अशी त्यांची पद्धत असेलही. त्या पद्धतीबद्दल मला आजही प्रेम नाही. शिष्यवृत्तीचे महिने मोजून मिळालेल्या माणसाला चूक तोंडावर सांगावी.

सांगितली ती एका सेन्पाईने, म्हणजे माझ्या पुढच्या विद्यार्थिनीने, कॅन्टीनमध्ये. ती शीतयुद्धातल्या दूतावासांवर काम करत होती. तिने ट्रेवरचा कागदी रुमाल उलटा केला आणि पेन्सिलीने वरून खाली लिहिलं: ताइशी, कोशी, सान्जिकान, इत्तो शोकिकान. मग बाजूला, बरंच लांब, एकटंच: दाइजिन. आणि दोन्हींच्या मध्ये उभी रेघ मारली. ‘ओगाता-सान इकडे होत्या,’ तिने ‘कोशी’वर पेन्सिल टेकवली. ‘तिकडे कधीच नाही.’

हे समजलंय असं वाटलं तरी पुढचा परिच्छेद वाचा. मलाही समजलंय असंच वाटलं होतं.

दूतावासात सगळ्यात वर राजदूत, जपानीत ताइशी. त्याच्या खालची पायरी म्हणजे कोशी; इंग्रजीत तिला ‘मिनिस्टर’ म्हणतात. त्याखाली सान्जिकान, म्हणजे कौन्सेलर. त्याखाली पहिला, दुसरा, तिसरा सचिव. ही सगळी परराष्ट्र खात्याची नोकरीतली श्रेणी. मंत्रिमंडळात बसतो तो दाइजिन. इंग्रजीत तोही ‘मिनिस्टर’. जपानीत दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, घोटाळा इंग्रजीतून येतो आणि आपण इंग्रजीतून वाचतो म्हणून आपल्या पानात पडतो. या ‘मिनिस्टर’ला मागचा इतिहासही आहे. पूर्वी लहान किंवा कमी मानाच्या देशांत दूतावास नसायचा, त्याहून खालच्या दर्जाची कचेरी असायची, जपानीत कोशिकान. तिचा प्रमुखच कोशी. दुसऱ्या महायुद्धानंतर या कचेऱ्या एकेक करून दूतावास झाल्या आणि कोशी हा प्रमुख न राहता राजदूताच्या हाताखालचा माणूस झाला. शब्द तोच, खुर्ची बदलली.

आपल्याकडे याचं जोडीदार उदाहरण आहे. पेशवाईची कागदपत्रं वाचणाऱ्यांना ते लगेच पटेल. हिंगणे घराणं दिल्लीत पेशव्यांचं वकील होतं, हैदराबादेत गोविंदराव काळे वकील होते. उद्या एखाद्या जपानी विद्यार्थ्याने ‘हिंगणे हे दिल्लीतले नामवंत कायदेपंडित’ असं लिहिलं तर आपण पोट धरून हसू. मी नेमकं तेच केलं होतं, उलट्या दिशेने.

आणि ओगाताबाईंच्या घरात हा खड्डा दुहेरी आहे. त्यांचे आजोबा योशिझावा केन्किची १९२० च्या दशकात चीनमध्ये जपानचे कोशी होते, कारण पेकिंगला तेव्हा जपानचा दूतावास नव्हता; १९३५ साली दर्जा वाढला. हेच आजोबा १९३२ च्या जानेवारीत परराष्ट्रमंत्री झाले, म्हणजे दाइजिन. एकच माणूस, दोन्ही वेळा इंग्रजीत ‘मिनिस्टर’, एकदा नोकर आणि एकदा मंत्री. हे कळलं त्या रात्री मी माझ्या नोंदींतल्या प्रत्येक ‘मिनिस्टर’वर लाल खूण केली. एकतीस निघाले. त्यातले अकरा चुकीचे होते.

अजून एक पायरी आहे, तिथेही पाय घसरतो. ‘व्हाइस मिनिस्टर’. जपानच्या परराष्ट्र खात्यात जिमु-जिकान नावाचा सर्वोच्च नोकरशहा असतो, आपल्या परराष्ट्र सचिवासारखा. इंग्रजीत तो ‘व्हाइस मिनिस्टर’. पण २००१ च्या फेररचनेपासून फुकु-दाइजिन आणि सेइमुकान अशी दोन राजकीय पदं आली, आणि इंग्रजी मजकुरात त्यांच्याही नावांत ‘व्हाइस मिनिस्टर’ डोकावतो. एक परीक्षा देऊन चढलेला, दुसरे निवडून आलेले. इंग्रजी बातमीत दोघं शेजारी उभे असतात आणि तुम्हाला वाटतं एकाच शिडीवरचे आहेत. म्हणून माझा नियम: पदनाम मूळ जपानीत मिळेपर्यंत ते वहीत शाईने लिहायचं नाही. पेन्सिल. नेमणूक कोणी केली, पगार कुठल्या खात्यातून निघाला आणि काम संपल्यावर बाई परत कुठे गेल्या, एवढं विचारलं तरी उत्तर बहुतेकदा मिळतं. ओगाताबाई न्यूयॉर्कहून परतल्या त्या मंत्रालयात नाही, विद्यापीठात. १९८० पासून सोफिया विद्यापीठात शिकवायला लागल्या. मंत्री असत्या तर असं झालं असतं का?

तर मंत्री नव्हत्या, मग होत्या कोण? इथून माझा प्रबंध खऱ्या अर्थाने सुरू झाला, कारण उत्तर आपल्या सवयीच्या साच्यात बसत नव्हतं.

आपल्या डोक्यात करिअर म्हटलं की स्पर्धा परीक्षा. परीक्षा, रँक, केडर, बढती, निवृत्ती, मग एखादा आयोग. जपानी स्त्री राजनयात गेली म्हणजे ती परीक्षा देऊनच गेली असणार. तशा स्त्रिया आहेत. आजच्या सम्राज्ञी मासाको १९८७ मध्ये परीक्षा देऊनच परराष्ट्र खात्यात लागल्या होत्या. पण वर पोचलेल्या पहिल्या पिढीतल्या बायकांकडे बघा. १९८० मध्ये डेन्मार्कला गेलेल्या जपानच्या पहिल्या महिला राजदूत ताकाहाशी नोबुको या मूळच्या कामगार मंत्रालयातल्या. २००२ मध्ये परराष्ट्रमंत्री झालेल्या कावागुची योरिको व्यापार मंत्रालयातून सनटोरी कंपनीत गेल्या आणि तिथून मंत्रिमंडळात; मंत्री झाल्या तेव्हा त्या संसदेत नव्हत्याच. त्यांच्या आधीच्या तानाका माकिको निवडून आलेल्या, आणि माजी पंतप्रधान तानाका काकुएइंची मुलगी. तिघींच्या तीन वाटा. ओगाताबाईंची चौथी.

त्यांची सुरुवात झाली १९६८ मध्ये. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या इचिकावा फुसाए यांनी त्यांचं नाव सुचवलं: यंदा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जाणाऱ्या जपानच्या शिष्टमंडळात या असाव्यात. इचिकावांचा लढा कुठून कुठे आला होता ते ध्यानात घ्या. जपानी बायकांनी मत दिलं ते पहिल्यांदा १० एप्रिल १९४६ ला, आणि त्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. १९६८ मध्ये ओगाताबाई विद्यापीठात शिकवत होत्या, घरात लहान मुलं होती. घरच्यांनी उचलून धरलं म्हणून गेल्या. तिथून १९७६ चं कोशीपद, मग युनिसेफच्या कार्यकारी मंडळाचं अध्यक्षपद, मानवी हक्क आयोगावर जपानच्या प्रतिनिधी, १९९० मध्ये म्यानमारची पाहणी. मधल्या काळात विद्यार्थ्यांचे पेपर तपासत. उच्चायुक्त झाल्या तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे त्या वयात निरोप समारंभाची शाल कपाटात पडलेली असते.

हे वाचून ‘मीही चाळिशीत सुरू करेन’ असं म्हणणाऱ्या मुली मला भेटतात. जरा थांबा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ओगाताबाईंचे वडील राजनयात, आजोबा परराष्ट्रमंत्री, पणजोबा इनुकाई त्सुयोशी पंतप्रधान. सासरे ओगाता ताकेतोरा उपपंतप्रधान होऊन गेलेले. बालपण अमेरिका, चीन आणि हाँगकाँगात. इंग्रजी त्यांना शिकावं लागलं नाही, ते अंगावर आलं. त्यांच्या चरित्राकडे बघून स्वतःचं वेळापत्रक आखू नका. मी सांगलीजवळच्या गावातून आलेले. माझ्या घरी परराष्ट्र म्हणजे कर्नाटक. मी हे कडवटपणे लिहितेय असं वाटेल, पण पहिल्या वर्षी मी त्यांच्याशी स्वतःची तुलना करून करून आजारी पडले होते, म्हणून लिहितेय.

पण एवढं सांगून थांबले तर तोही अन्याय होईल. वारसा सगळ्यांना मिळतो, त्याचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. १५ मे १९३२ ला नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी इनुकाईंना त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या. ‘बोललं तर समजेल,’ असं ते म्हणाल्याचं सांगतात, आणि उत्तर मिळालं की बोलण्यात अर्थ नाही. ओगाताबाई तेव्हा चार वर्षांच्या. मोठ्या झाल्यावर बर्कलीत त्यांनी पीएच.डी. केली, १९६३ मध्ये पदवी मिळाली, आणि विषय कुठला घेतला? मांचुरिया, १९३१-३२. म्हणजे सैन्याने सरकारला न जुमानता युद्ध कसं ओढवून आणलं, आणि त्यातल्याच काही महिन्यांत पणजोबा पंतप्रधान होते आणि आजोबा परराष्ट्रमंत्री. घरातल्या जखमेवर बोट ठेवून तिचे कागद चाळायचे, याला वारसा पुरत नाही.

हे मला उशिरा दिसलं, कारण मी मंत्रिपद शोधत बसले होते. खुर्च्या मोजणं बंद केलं तेव्हा १९९१ नीट वाचता आलं. आणि सगळ्या प्रबंधात मला स्वतःला आवडतं ते प्रकरण तेच.

फेब्रुवारीत त्या जिनिव्हाला रुजू झाल्या. त्यांच्या आधीचे उच्चायुक्त थोर्वाल्ड स्टोल्टेनबर्ग वर्षही पुरं न करता नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री व्हायला निघून गेले होते. महिना-दीड महिन्यात आखाती युद्धाच्या पाठोपाठ उत्तर इराकमधून कुर्द लोक पळाले. दहा लाखांहून अधिक इराणकडे, सुमारे चार लाख तुर्कस्तानच्या सीमेवरच्या डोंगरांत. इराणने आत घेतलं. तुर्कस्तानने सीमा बंद ठेवली. आता कायदा बघा: १९५१ च्या करारानुसार निर्वासित म्हणजे आपल्या देशाची सीमा ओलांडून बाहेर आलेला. डोंगरात थंडीत अडकलेला कुर्द अजून इराकमध्येच होता, म्हणजे कागदावर निर्वासितच नव्हता. कचेरीतल्या कायदा जाणणाऱ्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं: आज सीमेच्या आत जाऊन मदत केली तर उद्या प्रत्येक देश सीमा बंद करून म्हणेल, मदत आतच द्या, आम्ही आश्रय देणार नाही. ओगाताबाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि आत जायचा निर्णय घेतला. माणसं जगली पाहिजेत, हा निकष.

हे वाचताना मला कोशी, दाइजिन सगळं विसरायला झालं. नियमाच्या शब्दाला धरून बसायचं की नाही, हे ठरवणारी बाई मी एका शब्दात गाडत होते.

दोन वर्षांनी बोस्नियात त्यांनी उलटं केलं. लढणारे गट मदतीचा वापर राजकारणासाठी करतायत म्हणून फेब्रुवारी १९९३ मध्ये बरंचसं मदतकार्य थांबवलं. सरचिटणीस बुट्रोस घालींनी काही दिवसांतच तो निर्णय फिरवला. इथे बऱ्याच जणी घाईने ‘अपयश’ लिहितात. मी पण लिहिलं होतं. नंतर खोडलं, कारण त्यानंतर अडवणूक काही काळ सैल झाली. काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पण आधी दिवसवार नोंदी वाचा.

२००२ च्या सुरुवातीला तानाका माकिकोंना काढल्यावर पंतप्रधान कोइझुमींनी परराष्ट्रमंत्रिपद आधी ओगाताबाईंना देऊ केलं. त्यांनी नाही म्हटलं, मग कावागुचींना मिळालं. म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं: मंत्री होण्याची वेळ एकदा आली, आणि त्यांनी ती जाऊ दिली. तेव्हा त्या अमर्त्य सेन यांच्याबरोबर मानवी सुरक्षा आयोगाच्या सहअध्यक्ष होत्या आणि जानेवारीतच टोकियोत अफगाणिस्तानच्या पुनर्उभारणीची परिषद झाली होती. पुढच्या वर्षी, ७६ व्या वर्षी, त्यांनी जायका घेतलं. आणि टोकियोतली माणसं उचलून बाहेरच्या देशांतल्या कचेऱ्यांत पाठवायला सुरुवात केली. त्यांचा शब्द होता ‘गेन्बा’, म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा.

आता कामाच्या चार गोष्टी, जशा सुचतील तशा.

मशीनच्या भाषांतरावर प्रबंध उभा करू नका. ते कोशीला कधी ‘मंत्री’ करतं, कधी ‘दूत’, आणि दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने. यंत्राचं एक बरं, ते निदान ‘नारुहोदो’ म्हणत नाही. आणि अनिमे बघून जपानी आलं असं सांगणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण त्या जपानीतून परराष्ट्र खात्याचं निवेदन वाचून दाखवा, मग बोलू.

संसदेच्या कामकाजाचे वृत्तांत १९४७ पासूनचे ऑनलाइन शोधता येतात, फुकट. एखादं पदनाम टाका आणि लोक ते खरंच कुणाबद्दल वापरतात ते बघा. शब्दकोशापेक्षा जास्त शिकाल. परराष्ट्र खात्याचं वार्षिक निळं पुस्तक १९५७ पासून निघतं. बायकांची नावं त्यात शोधायला लागलात की पानंच्या पानं रिकामी जातात, तीही नोंद आहे. युद्धापूर्वीच्या कागदांसाठी आशियाई ऐतिहासिक नोंदींचं केंद्र आहे, घरबसल्या मूळ तारा वाचता येतात. योशिझावांच्या काळातल्या तारा मी कोल्हापूरला मावशीकडे बसून वाचल्या.

राष्ट्रीय संसद ग्रंथालयात मात्र प्रत्यक्ष जा. टोकियोत, नागाताचोला. पिशवी लॉकरमध्ये, वही-पेन्सिल पारदर्शक पिशवीत. पुस्तकं कपाटातून आपण काढायची नाहीत, मागवायची. झेरॉक्स पुस्तकाच्या अर्ध्यापर्यंतच, तीही फॉर्म भरून. पहिल्या दिवशी मी पानांच्या चिठ्ठ्या चुकीच्या लावल्या तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी न चिडता सगळ्या काढून पुन्हा लावून दाखवल्या. मला जपानमध्ये भेटलेले सगळ्यात चांगले गुरू असे खिडकीमागे बसलेले होते. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाच्या मागे धावू नका; त्याच्याकडे चौदा विद्यार्थी असतात आणि तुमचा आराखडा तो ट्रेनमध्ये वाचतो. त्यापेक्षा एक वर्ष पुढे असलेली, वेळ असलेली, उलटं बोलणारी सेन्पाई शोधा. तिला जेवू घाला. माझा प्रबंध कांदेपोह्यांच्या दोन डब्यांवर उभा आहे.

सनांचं एक. जपानी कागदांवर इसवी सनाऐवजी सम्राटांची युगं असतात. शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेइसेई असेल तर १९८८. सोपं आहे, म्हणूनच चुकतं. आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, त्यामुळे ‘नेन्दो’ लिहिलेलं असेल तर जानेवारी ते मार्चच्या घटना पुढच्या सनात ढकला.

आणि एन-२ हुकलं म्हणून रडत असाल तर रडून घ्या, पण अर्ज थांबवू नका. माझं तिसऱ्या खेपेला झालं, तेही पहिला आराखडा फेकून दिल्यानंतर. पदनामांची ती लाल खुणांची यादी घोकता घोकता वाचनाचा वेग वाढला होता, इतकंच. आराखडा फेकणं म्हणजे वर्ष वाया नाही. माझे सात महिने गेले, त्यातले चार परत मिळाले असं समजा.

प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत ‘कोशी’वर कोणी काही विचारलं नाही, त्यासाठी मी बारा पानांची तयारी करून गेले होते. बाहेरच्या परीक्षकांनी नुसतं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. युनिसेफच्या मंडळाचं अध्यक्षपद, शोवा ५३. कंसात मी लिहिलं होतं, १९७९. छापून बांधून झालेल्या प्रती होत्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या अजून तशाच आहेत.